आधी उतार, मग चढ

सिडनीतल्या बुशवॉकिंग क्लबात वर्गणी भरली आणि सभासद झालो, असं होत नाही. ट्रेकिंगला इकडे बुशवॉकिंग म्हणतात आणि क्लबात शिरणारा प्रत्येक जण आधी ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ असतो, म्हणजे उमेदवार. उमेदवारीच्या काही महिन्यांत ठरावीक दर्जाच्या एकदिवसीय वाटा चालायच्या, पाठीवर बिऱ्हाड घेऊन निदान एक मुक्काम करायचा, नकाशा आणि होकायंत्राचं शिबिर करायचं, प्रथमोपचार शिकायचे आणि दर वेळी त्या वाटेच्या लीडरची सही घ्यायची. तपशील क्लबागणिक बदलतो, सांगाडा साधारण हाच. आमच्याकडे वर्षाची वर्गणी शंभर डॉलरच्या आत आहे. पैशाने स्वस्त, वेळेने महाग.

मी मूळची साताऱ्याची. अजिंक्यतारा हा आमच्या घरी सकाळच्या फेरफटक्यात जमा होता आणि कॉलेजात असताना बामणोलीहून लाँचने पलीकडे जाऊन वासोटाही केला होता. सिडनीच्या पश्चिम भागात आम्ही स्थिरावलो तेव्हा शनिवार-रविवार मुलांचं क्रिकेट, किराणा आणि कुणाकडे तरी जेवण यांत संपायचे. आमच्या उपनगरातून आगगाडीत बसलं की दीड-दोन तासांत ब्लू माउंटन्स येतात. आपण तिथे फक्त पाहुणे आले की जायचं, कठड्याला टेकून थ्री सिस्टर्स नावाच्या तीन सुळक्यांचा फोटो काढायचा आणि समोसे खाऊन परत यायचं, याचा कंटाळा येऊन मी क्लबाच्या माहिती-संध्याकाळीला गेले.

एका कम्युनिटी हॉलमध्ये चहा-बिस्किटं, पंचवीसेक माणसं. त्यातल्या निम्म्यांचे केस पांढरे. स्लाइड्स झाल्यावर कुणी आधी असं चाललंय का, असं विचारलं. मी सह्याद्रीचं सांगितलं. पुढे बसलेल्या बाईंनी विचारलं, “मग नकाशा कोण वाचायचं?” प्रश्न खवचट नव्हता, खरोखरच्या उत्सुकतेचा होता. मी आठवू लागले. गावातला वाटाड्या असायचा. नाहीतर झाडावर, दगडावर रंगवलेले बाण. नाहीतर गुरं घेऊन निघालेला कुणीतरी, “सरळ धार धरून जावा” असं सांगणारा. देवळाचं निशाण वर दिसायचंच. नकाशा कुणाच्या हातात होता, हे काही मला आठवेना.

त्यांनी एक फॉर्म दिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की लीडर हा गाइड नाही, त्याला पैसे मिळत नाहीत, जंगलात धोके असतात, आणि तुमच्या जिवाची पहिली जबाबदारी तुमची. वाचून वाटलं, हात झटकताहेत. पुढे कळलं की अर्थ उलटा आहे. इथे गिऱ्हाईक कुणीच नसतं, त्यामुळे कुणाची बडदास्त ठेवली जात नाही आणि कुणाला मागे टाकूनही जात नाहीत.

पहिली वाट कटूम्बाजवळच्या ‘रुइन्ड कॅसल’ची. नाव किल्ल्याचं असलं तरी किल्ला वगैरे काही नाही, एका टेकाडावर दगडांचा ढिगारा आहे आणि लांबून तो पडक्या बुरुजासारखा दिसतो. जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर. मनात म्हटलं, हे काय, दुपारच्या जेवणाला घरी.

ब्लू माउंटन्स हे डोंगर नाहीतच, ते पठार आहे आणि नद्यांनी ते खोल चिरलेलं आहे. गावं, रेल्वे, गाड्यांचा तळ, सगळं वर. चालायची जागा खाली. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी तुम्ही उतरता आणि दुपारी थकल्यावर चढ सुरू होतो. सह्याद्रीत माणूस पायथ्याच्या गावातून निघतो. दमला, तर मागे फिरायचं. उतार आपोआप घरी आणतो. इथे दमल्यावर मागे फिरणं म्हणजेच चढणं. गोल्डन स्टेअर्स नावाच्या पायऱ्या-शिड्यांनी सकाळी आम्ही गप्पा मारत खाली गेलो. पुढची वाट जुन्या खाणकामगारांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथून कोळसा आणि शेल नावाचा तेल देणारा दगड काढत. त्यामुळे ती बरीचशी सपाट, नेच्यांच्या सावलीतून जाणारी. दुपारी तीन वाजता त्याच पायऱ्या वर चढताना एकही जण बोलत नव्हता. बहात्तर वर्षांचे एक निवृत्त प्लंबर माझ्या मागे होते. ते मुद्दाम मागे होते. त्या दिवशी शेपूट सांभाळायचं काम त्यांचं होतं आणि शेपटाच्या पुढे शेवटची मी होते.

त्यांना हाक कशी मारायची, हा माझा वेगळाच प्रश्न. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने बोलावतात. बहात्तर वर्षांच्या माणसाला नुसतं नाव घेऊन हाक मारायला माझी जीभ वळेना आणि ‘काका’ म्हणण्यात अर्थ नव्हता. कित्येक आठवडे मी त्यांना हाकच मारली नाही. काही सांगायचं असलं तर चालत त्यांच्यापर्यंत जायचे.

क्लबाच्या काही रीती पहिल्याच दिवशी दिसतात. निघण्याआधी गोल करून उभं राहायचं, ही जमीन दरुग आणि गुंडुंगुरा लोकांची आहे याची आठवण करायची, मग सगळ्यांनी नावं सांगायची, दमा किंवा गुडघा असलं काही असेल तर लीडरला बाजूला घेऊन सांगायचं. वाट फुटते तिथे थांबायचं आणि मागच्याला आपण दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. झाडीत शिरायची वेळ आली तर वाटेवर आपली पाठपिशवी ठेवून जायचं, म्हणजे शेपटाच्या माणसाला कळतं की कुणीतरी आत गेलंय. साडेदहाच्या सुमाराला सकाळचा चहा, मग तो कड्यावर असो की ओढ्यात. गाडीत कोण कुणाबरोबर, पेट्रोलचे किती, हे आधीच ठरलेलं, आणि पैसे द्यायचे म्हणजे द्यायचेच. मी सवयीने “असू द्या हो, कशाला” असं इंग्रजीत म्हणून पाहिलं. त्यांनी नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली.

निघण्याआधी आणखी एक काम असतं. आपण कुठे चाललो, किती जण, कधी परतणार, हे एका ऑनलाइन अर्जात भरून ठेवायचं. वेळेत परतलो नाही तर कुणाला शोधायचं हे त्यामुळे कळतं. दऱ्यांत फोनला रेंज नसते. म्हणून हाताच्या पंजाएवढा एक आपत्कालीन बीकन बरोबर घेतात. बटण दाबलं की उपग्रहामार्फत थेट कॅनबेरातल्या शोध-बचाव केंद्राला संदेश जातो. ब्लू माउंटन्समध्ये असा बीकन नॅशनल पार्कच्या केंद्रातून आणि ठरावीक पोलीस ठाण्यांतून फुकट वापरायला मिळतो. पोलीस ठाण्यात जाऊन सहलीसाठी काही मागायचं, ही कल्पनाच मला पचायला वेळ लागला.

नकाशाच्या शिबिराबद्दल मात्र मी तासभर बोलू शकते, आणि घरचे म्हणतात की बोलतेच.

१:२५,००० चा कागदी नकाशा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. उंचीच्या रेषा दहा-दहा मीटरच्या. रेषा चिकटून आल्या की कडा. इथल्या वाळूच्या दगडात कधी कधी त्या इतक्या चिकटतात की तपकिरी डागच दिसतो. ते वाचणं दोन तासांत जमलं. खरी गंमत पुढे. सिडनीत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या साडेबारा-तेरा अंश पूर्वेला झुकते. नकाशावरून मोजलेल्या कोनातून तेवढे अंश वजा करूनच चालायचं. विसरलं, तर एक किलोमीटर चालल्यावर तुम्ही दोनशे मीटरहून जास्त बाजूला असता, म्हणजे इथल्या हिशेबाने चक्क शेजारच्या घळीत. पुण्या-साताऱ्याकडे हा फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे तिकडे होकायंत्र वापरणाऱ्यालाही तो कधी टोचत नाही. शिवाय भारतातून आणलेलं होकायंत्र इथे चालत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व दक्षिण गोलार्धात सुईला उलट बाजूने खाली ओढतं आणि सुई काचेला घासत राहते. दुकानात दक्षिणेसाठी तोललेलं वेगळं मिळतं.

आणि सूर्य! आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. इथे तो बारा महिने उत्तरेला. दिशा ओळखताना माझं डोकं नाही, पण मान सवयीने चुकीकडे वळायची. ऊन तोंडावर घेऊन चाललो की आपण दक्षिणेला निघालोय, असं शरीरच सांगायचं. शरीराला गप्प करायला हिवाळा उजाडला.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त भूगोल-शिक्षिका. दर वीस मिनिटांनी थांबवून त्या एकालाच विचारायच्या, “आपण कुठे आहोत?” बोट ठेवून दाखवायचं. ‘साधारण इथे’ चालत नसे. गवताच्या काडीचं टोक नकाशावर टेकवायचं, कारण बोटाखाली अडीचशे-तीनशे मीटर सहज झाकले जातात. मग त्यांनी जे सांगितलं त्याने मला हे सगळं कशासाठी चाललंय ते कळलं. डोंगर चढताना सोंडा एकमेकींना मिळत जातात. कुठूनही निघा, वर धारेवर पोचता. उतरताना मात्र प्रत्येक सोंड फुटते, पुन्हा फुटते, आणि एक फाटा चुकला की तुम्ही भलत्याच कड्याच्या डोक्यावर. सह्याद्रीत आम्ही सकाळी चढायचो म्हणून चुकत नव्हतो. हुशारी कमी, भूगोल जास्त. इथे दिवसाची सुरुवातच चुकायच्या बाजूने होते, आणि म्हणून क्लब नव्या माणसाला सही द्यायला इतका वेळ लावतो.

वेळेचा हिशेबही तिथेच शिकवतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा १८९२ मधला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा नियम. तो वाटेवर ठीक. वाट नसलेल्या दाट झाडीत, बँक्सियाच्या आणि हॅकियाच्या टोकदार पानांतून हातांनी रस्ता काढत तासाला एक किलोमीटर झालं तरी लीडर खूश असतो. हिवाळ्यात पाच वाजता अंधार. म्हणजे बाराच्या सुमाराला जेवताना सगळं ठरवायचं.

प्रथमोपचारांत सर्वांत जास्त वेळ सापावर गेला. ऑस्ट्रेलियातली पद्धत अशी : चावलेली जागा धुवायची नाही, कापायची नाही, करकचून दोरी तर मुळीच बांधायची नाही. रुंद ताणाची पट्टी घ्यायची, चावलेल्या जागेवर गुंडाळायची, मग बोटांपासून वर अख्खा पाय किंवा हात गुंडाळत जायचं, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितपत घट्ट. वरून काठीचा आधार. चावलेल्या जागी पट्टीवर पेनने खूण. आणि माणसाला हलू द्यायचं नाही, एक पाऊलही नाही. इथल्या सापांचं विष रक्तातून कमी आणि लसिकेतून, म्हणजे शरीरातल्या रक्ताबाहेरच्या द्रवातून, जास्त पसरतं. स्नायू हलला की ते पुढे सरकतं. स्ट्रुअन सदरलँड या वैद्यक-संशोधकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत दिली. फनेल-वेब कोळ्यालाही हीच.

आम्ही जोडीने एकमेकांचे पाय बांधले. माझ्या जोडीदाराने माझा पाय इतका मन लावून गुंडाळला की चहाच्या सुट्टीत मी तशीच बसून होते आणि लोक बिस्किटं जागेवर आणून देत होते. एक सांगायला हवं, कारण मराठी वाचणारे बहुतेक जण भारतात चालतात. हे जसंच्या तसं तिकडे वापरू नका. घोणस, फुरसं यांच्या विषाने चावलेल्या जागचं मांस सडतं, आणि विष तिथेच कोंडून ठेवलं तर नुकसान वाढू शकतं. तिकडे हातपाय न हलवता लवकरात लवकर दवाखाना, हेच खरं. दोन्हीकडे दोरी मात्र नको.

प्रत्यक्षात साप लांबून दिसतात आणि निघून जातात. त्रास देतात जळवा आणि गोचिडी. जळू मोज्याच्या विणीतूनही आत जाते. मिठाची छोटी डबी आता माझ्या कमरेच्या पट्ट्यालाच असते. आणि करावाँग. हा कावळ्याएवढा काळा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी पिशवीची झिप उघडतो. उघडतो म्हणजे खरोखर. ती छोटी दोरी चोचीत धरून मागे मागे उड्या मारतो. माझ्या पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढून, ते फांदीवर नेऊन, भोक पाडून त्याने शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि पोहे खाली टाकले. बाकीचे लोक सुकामेव्याच्या मिश्रणाला ‘स्क्रॉगिन’ म्हणतात. माझा चिवडा त्यांच्या लेखी तिखट स्क्रॉगिन.

मुक्कामी वाटेआधी घरी बरीच चर्चा झाली. आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होती.

“अगं, आठवडाभर राबतेस, मग सुट्टीच्या दिवशी पाठीवर ओझं कशाला?”

“आई, मजा येते गं.”

“मजाच करायची तर हॉटेलात राहा की. आणि जावईबापू काय म्हणतात?”

जावईबापू मागे न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन माझी पिशवी तोलत होते आणि डोकं हलवत होते. पहिल्या वजनात मी दोन पातेली, पोळपाटाएवढी उशी आणि पुस्तक भरलं होतं. उशी आणि एक पातेलं बाहेर पडलं, पुस्तक निम्मं वाचून ठेवून दिलं. सामानाबाबत माझं मत असं की पहिल्या वर्षी काही विकत घेऊ नये. क्लब तंबू आणि स्टोव्ह उसने देतो, कपडे सेकंडहँड दुकानातले चालतात, सुती तेवढे नकोत. जुनी मंडळी तर महागडे बूट सोडून डनलॉप व्हॉली नावाच्या साध्या कॅनव्हासच्या टेनिस-बुटांत चालतात. ओल्या खडकाला त्यांचा तळ चिकटून राहतो.

खाण्यात मात्र आपण श्रीमंत आहोत. सातूचं पीठ घरीच भाजून दळून नेलं, गूळ-पाणी घातलं की नाश्ता तयार, स्टोव्ह पेटवायला नको. रात्रीला मेतकूट-भात आणि तुपाची छोटी बाटली. त्यांची सुकवलेली जेवणं गरम पाण्यात भिजवून वीस मिनिटं वाट पाहावी लागते आणि चव सगळ्यांची एकच.

मुक्काम होता ग्रोस दरीत, अकेशिया फ्लॅट नावाच्या सपाट जागी. ब्लॅकहीथजवळच्या पेरीज लुकडाउनवरून वाट सहाशे मीटरहून जास्त खाली कोसळते. कोसळते हाच शब्द. गुडघ्यांची परीक्षा होते, आणि मनात दर पावलाला एकच विचार, उद्या हे सगळं वर. खाली पोचलो की ब्लू गम फॉरेस्ट. निळसर पांढऱ्या, गुळगुळीत खोडांची सरळसोट उंच निलगिरीची झाडं, मोकळ्या अंतराने उभी. बुंध्याशी सोललेल्या सालींच्या लांब पट्ट्या पडलेल्या. मधून कुठेतरी लायरबर्ड चार वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज एकापाठोपाठ काढत होता. एका खोडाला मी हात लावला. सावलीतलं ते साल माठासारखं गार होतं.

खुद्द झाडांत तंबू लावायला बंदी आहे, तंबू थोडं पलीकडे फ्लॅटवर. शेकोटीही नाही, स्टोव्हवरच सगळं. अंधार पडल्यावर डोक्यावरचे दिवे लावून बसलो असताना प्लंबर काकांनी (मनात मी त्यांना काकाच म्हणते) या जागेची गोष्ट सांगितली. १९३१ च्या ईस्टरला इथे भर पावसात काही बुशवॉकर मुक्कामाला आले. त्यांना एक भाडेपट्टाधारक भेटला. ही झाडं तोडून तो इथे अक्रोड लावणार होता. कायद्याने त्याचा हक्क होता. बुशवॉकरांनी त्याला विचारलं, किती घेशील? घासाघीस होऊन सौदा ठरला १३० पौंडांना. जागतिक मंदीचे दिवस, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या. क्लबांनी वर्गण्या काढल्या, उसने घेतले आणि पैसे चुकते केले. १९३२ मध्ये ही जागा राखीव झाली. राष्ट्रीय उद्यान यायला १९५९ उजाडलं आणि जागतिक वारशाचा दर्जा २००० साली.

म्हणजे सरकारच्या आधी इथे वर्गणी पोचली होती. गणपतीची, जीर्णोद्धाराची, पूरग्रस्तांची वर्गणी पाहिलेल्या मला हे फार जवळचं वाटलं. ज्या क्लबांनी ते पैसे जमवले त्यांतला एक, सिडनी बुश वॉकर्स, १९२७ चा, आणि त्याने पहिल्यापासून बायकांनाही सभासद करून घेतलं. त्याआधीचा माउंटन ट्रेल्स क्लब, १९१४ चा, फक्त पुरुषांचा होता. त्या काळात पाठीवर ओझं टाकून दरीत उतरणाऱ्या बायकांना त्यांच्या आयांनी काय ऐकवलं असेल, ते मला व्हिडिओ कॉलमुळे बऱ्यापैकी माहीत आहे.

झोप फार लागली नाही. थंड हवा दरीच्या तळाशी येऊन बसते आणि पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला दव गोठलं होतं. कुणीतरी सांगितल्याप्रमाणे गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायांशी घेतली होती, तिने लाज राखली. सकाळी छोटं फावडं घेऊन पाण्यापासून शंभर मीटर लांब जायचं, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करायचा. याबद्दल घरी कुणी विचारत नाही, पण जिज्ञासा सगळ्यांना असते. मग तो सहाशे मीटरचा चढ. चढलो. वर ब्लॅकहीथच्या बेकरीत मी जे खाल्लं त्याचा हिशेब इथे देत नाही.

२०१९-२० च्या वणव्यांत जागतिक वारशाच्या या प्रदेशाचा साधारण ८० टक्के भाग होरपळला. अजूनही कित्येक सोंडांवर काळी खोडं दिसतात आणि त्या काळ्या सालीतूनच बुंध्यावर पालवीचे केसाळ फुटवे आलेले असतात. तेव्हापासून काही वाटा पडलेल्या दरडींमुळे बंद होतात, उघडतात, परत बंद होतात. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली वाट आणि प्रत्यक्ष झालेली वाट एकच असेल, असं समजू नये.

उन्हाळ्यात सगळे कॅन्यनमध्ये, म्हणजे उभ्या भिंतींच्या अरुंद घळींत, उतरतात. मी माउंट विल्सनजवळच्या वोलंगाम्बीत गेले, तिथे दोर लागत नाही. वेटसूट घालून हवेच्या गादीवर पोट टेकायचं आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींमधून हाताने पाणी मारत तरंगत जायचं. पाणी इतकं गार की बोलताना दात वाजतात. सुंदर आहे, मान्य. पण माझा जीव जमिनीवर रमतो. आणि कॅन्यनच्या शेवटीही, अर्थातच, चढ.

एका गोष्टीवर माझं आणि क्लबाचं अजून पूर्ण जमलेलं नाही. हिवाळ्यात आम्ही वाट नसलेल्या एका सोंडेने ओढा ओलांडून पलीकडच्या शिखरावर जाणार होतो. ओढ्याला आठवड्याच्या पावसाचं पाणी होतं, मांडीपर्यंत. ओलांडता आलं असतं. लीडर बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना विचारलं, पण सुरुवात सगळ्यांत हळू चालणाऱ्या आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी बोललेल्या मुलापासून केली. तो म्हणाला, मला नको वाटतंय. झालं. बाकीच्यांना विचारलंच नाही. मागे फिरलो. आमच्याकडे “एवढं आलोय तर” हे वाक्य कुणीतरी म्हणालंच असतं आणि गट ओलांडून गेला असता. मी परतताना धुसफुसत होते, कारण मला ते शिखर हवं होतं. रात्रीचे आठ वाजता मांडीभर पाण्यातून उलट यायचं आणि मग चढायचं, हा हिशेब बाईंचा होता आणि तो बरोबर होता. तरी पंधरा मिनिटं खाली-वर जाऊन अरुंद जागा शोधायला हवी होती, असं मला वाटतं. हे मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी तू लीड कर आणि शोध.”

सभासदत्वाचं पत्र आलं ते अगदी साधं. कमिटीच्या बैठकीत नाव वाचलं, टाळ्या वाजल्या, पुढचा विषय शिडीच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे हा होता.

मग लीडिंग. वाट आधी स्वतः चालून यायची, पत्रिकेत चार ओळी लिहायच्या : किती किलोमीटर, किती चढ, कुठे पाणी, दर्जा काय, जास्तीत जास्त किती माणसं. नव्या लोकांचे फोन घ्यायचे आणि ते या वाटेला झेपतील का, हे बोलता बोलता काढून घ्यायचं. शेवटचं कुठे चालला होतात, हा सोपा प्रश्न खूप काही सांगून जातो. ‘मी जिमला जातो’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘रोज कुत्र्याला फिरवते’ म्हणणाऱ्या बायका जास्त टिकतात, असं माझं निरीक्षण आहे.

माझ्या पहिल्याच वाटेला एका मराठी बाईंचा फोन आला. मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. वय साठच्या पुढे, मूळच्या सोलापूरच्या, मुलाकडे येऊन इथेच राहिलेल्या.

“ताई, वाटेत चहाचं दुकान असतं का हो?”

“नाही हो काकू. सकाळचा चहा आपणच करतो. मी स्टोव्ह आणते.”

“स्टोव्ह आहे ना? मग झालं. आणि बाथरूमचं?”

ते सांगितलं. पलीकडे जरा शांतता, मग, “आमच्या शेतावर तेच होतं की.”

शेवटचं कुठे चालला होतात, असं विचारल्यावर म्हणाल्या, आळंदी ते पंढरपूर, पायी, इकडे येण्याआधी. मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

त्या आल्या. पायात मुलाचे बूट, दोन जोड मोजे, डोक्याला स्कार्फ आणि पाठपिशवीत छोटा लोखंडी तवा. मी पिशवी उचलून पाहिली आणि काही बोलले नाही. वजन त्यांचं, पाठ त्यांची. साडेदहाला ओढ्याकाठच्या खडकावर त्यांनी माझा स्टोव्ह ताब्यात घेतला, रात्रीच करून आणलेली धपाटी एकेक करून गरम केली आणि वर शेंगदाण्याची चटणी घालून वाटली. एकदिवसीय वाटेवर तवा न्यावा की नाही याबद्दल क्लबाच्या नियमांत काही लिहिलेलं नाही. प्लंबर काकांनी तीन खाल्ली आणि उतरताना तवा त्यांच्या पिशवीत होता.